माझ्या वाटणीची खतं

"माफ केलंत ते ठीक, पण त्यासाठी धर्म कशाला बदलायचा?" असं नात्यातली माणसं विचारतात. चर्चमधली माणसं दुसऱ्या टोकाने येतात. "प्रभूत आल्यावर त्या ड्रायव्हरला कसं सहज माफ करता आलं, तेवढी साक्ष द्या ना!" ज्याच्या ट्रॉलीमुळे माझा मुलगा गेला त्या ड्रायव्हरला माफ करणं आणि माझं ख्रिस्ती होणं, याबद्दल दोघांनाही आजवर मी वेळ मारून नेणारी उत्तरं दिली. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात धरून पुन्हा सांगायला नको.

आधी पैशाचं. "धर्म बदलायचे किती मिळाले?" असं तोंडावर विचारणारे तीन जण निघाले, त्यातला एक माझा मेहुणा. काही मिळालं नाही. उलट उत्पन्नाचा दशांश चर्चला द्या म्हणतात. तोही मी पूर्ण देत नाही.

28 वर्षं मी पतसंस्थेत वसुलीला होतो. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला, जप्तीची नोटीस, सकाळी सातला जामीनदाराच्या दारात उभं राहणं, मार्च एंडला रात्री अकरापर्यंत फोन. कुणाचा रुपया सोडल्याचं मला आठवत नाही, आणि याचा मला अभिमान होता.

2017 च्या जानेवारीत मुलगा गेला. कसा ते तुम्हाला माहीत आहे. रात्रीची वेळ, उसाची डबल ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे रिफ्लेक्टर नाही, ड्रायव्हर पंक्चरवाल्याला शोधायला गेलेला. मुलगा 23 वर्षांचा. भरपाईच्या दाव्यात त्या वयाला वार्षिक उत्पन्नावर 18 चा गुणक लागतो, आणि मयत अविवाहित असला की निम्मं उत्पन्न त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी वजा होतं. वकिलाच्या आधी हा हिशेब मी करून ठेवला होता. दुसरं काही मला येतच नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात मी पहिल्यांदा चर्चमध्ये शिरलो, तो वसुलीसाठी. एक थकबाकीदार आठवडाभर सापडत नसे. रविवारी उपासनेला मात्र नक्की असतो, अशी खबर होती. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मी नोटीस घेऊन आलो. शेवटच्या बाकावर बसून उपासना संपायची वाट बघत होतो, आणि सगळे उभे राहून म्हणायला लागले, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." माझा माणूसही डोळे मिटून म्हणत होता. मला हसू फुटलं. 11 महिन्यांत पहिल्यांदा. मग ते हसू आवरेना, आणि ते हसू नव्हतंच, हे माझ्या आधी शेजारच्या म्हातारीच्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी नोटीस न घेता गेलो. (तो अजून थकबाकीदारच आहे. हल्ली आम्ही एकाच बाकावर बसतो.)

आता ज्याची साक्ष मागता ते. 2018 च्या मे महिन्यात, ऊसतोडीची माणसं घरी परतल्यावर, मी पाथर्डी तालुक्यात त्या ड्रायव्हरच्या वस्तीवर गेलो. माफ करायला गेलो होतो, असं मी पुढे दोन-तीन चर्चमध्ये सांगितलं. ते खरं नाही. त्याच्याकडे काय काय आहे, ते बघायला गेलो होतो. सवयच ती. घर दिसलं की जप्तीत काय निघेल याची यादी डोक्यात आपोआप सुरू होते.

पोचेपर्यंत अंधार पडला होता. स्कूटर वळवली आणि हेडलाइटच्या उजेडात सगळं अंगण लाल पेटलं. पाण्याच्या ड्रमला रिफ्लेक्टरची टेप. सायकलला, बाजेच्या चारी पायांना, शेळीच्या गळपट्ट्याला, कुडाला टांगलेल्या दप्तराला. टेप सरळसुद्धा लावलेली नव्हती, जिथे जागा दिसली तिथे तुकडा डकवलेला. इंजिन बंद करायचं मला सुचेना.

त्याची बायको बाहेर आली. "हप्त्याचं आलात का, साहेब? ते घरी न्हाईत." हे खोटं मी 28 वर्षं दारोदार ऐकलंय, ओळखायला वेळ लागत नाही. तेवढ्यात तो मागून आलाच. मला पाहिलं आणि जागीच थांबला. मी पाणी मागितलं. त्याने तांब्या आणला, मी प्यायलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मी सोडलं," एवढंच म्हणालो.

"काय, साहेब?"

"जे काही आहे ते."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजी केस माघारी घेणार का?"

ती सरकार पक्षाची केस, माझ्या हातात नाही, असं कोरडेपणाने सांगून मी निघालो. नगर येईपर्यंत त्याला शिव्या घालत होतो. मी एवढं मोठं सोडलं आणि हा केसचं विचारतो! त्याने दुसरं काय विचारायला हवं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ताने ओझं एका क्षणात उचललं असं सांगत सुटलो. तेव्हाचा मी खोटारडा होतो असं म्हणवत नाही, पण दप्तर तपासलं तर मेळ बसत नाही. आमच्याकडे कर्ज निर्लेखित करतात, तेव्हा ते ताळेबंदातून जातं, पण कर्जदार सुटत नाही, वसुली चालूच राहते. माफीत तो सुटतो आणि तूट देणाऱ्याच्या पदरात पडते. माझं कित्येक वर्षं निर्लेखनच होतं. अजूनही गाळप हंगामात ट्रॉलीमागे गाडी अडकली की खातं उघडतं. येशूने माफ करायला सांगितलं ते साताच्या सत्तर वेळा, म्हणजे 490. मी कधीच पुढे गेलोय.

मेहुणा म्हणतो, "कर्जाची खतं तर तुकोबांनीही इंद्रायणीत बुडवली. मग येशू कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. आईच्या गळ्यात माळ होती, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण तिने मला एक रुपया सोडायला लावला नाही. त्या बाकावर काहीतरी झालं. एवढंच.

बायको ख्रिस्ती झाली नाही. तिने माफही केलेलं नाही. मी एकदा समजवायला गेलो, तर म्हणाली, "तुकोबांनी बुडवली ती स्वतःच्या वाटणीची. निम्मी आधी भावाच्या, कान्होबाच्या हातात दिली होती. तुमची तुम्ही बुडवा, माझी माझ्याकडे राहू द्या."

कोर्टाच्या तारखेला तिला मीच नेतो. ती आत जाते, मी बाहेर टपरीवर थांबतो. मागच्या तारखेला पुकारा व्हायच्या आधी तो ड्रायव्हरही तिथे चहाला आला. पैसे कुणी द्यायचे यावरून आमचं थोडं झालं. शेवटी त्याने दिले.