तुम्ही विचारलंत म्हणून: पिस्तूल कोणतं, आणि बॅरल बदलायची का?

जळगाव-भुसावळकडची पोरं-पोरी नेमबाजीकडे वळली, तसा पालकांचा हा प्रश्न सारखा येतो: "भाऊ, पिस्तूल कोणतं घेऊ? आणि भारी बॅरल वेगळी बसवून मिळते का?"

बॅरलचं, म्हणजे नळीचं, आधी सांगतो. तिच्या नादी लागू नका. हे खूळ अमेरिकेतले व्हिडिओ पाहून येतं. तिथल्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ या .२२ च्या (बारीक काडतुसाच्या) पिस्तुलाचा ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, खाली ओढली की बॅरल सुटून हातात येते, म्हणून लोक हौसेनं बदलतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे; .२२ च्या पिस्तुलात परवान्याशिवाय फेरफार म्हणजे गुन्हा. आणि २५ मीटरच्या स्पर्धेत .२२ ची बॅरल १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालतच नाही.

एअर पिस्तुलात, म्हणजे दाबलेल्या हवेवर छर्रे सोडणाऱ्या पिस्तुलात, तर गरजच नाही. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, यांतलं कुठलंही शिकंज्यात आवळून झाडलं तर दहा मीटरवर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. इतका स्थिर हात भल्याभल्यांचा नसतो.

फरक आहे तो ट्रिगरमध्ये. निदान ५०० ग्रॅमचा ताण नियमानंच लागतो, पण तो सुटतो कसा ते प्रत्येकात वेगळं. मोरिनी सीएम १६२ ईआय चा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक, फार स्वच्छ सुटतो, पण बॅटरीवर चालतो. स्टायर एलपी १० चा यांत्रिक. शिवाय आत एक छोटं वजन सरकून झटका खाऊन टाकतं. शिकणाऱ्या पोराला मी यांत्रिकच देईन. सर्किट बिघडलं तर इथं दुरुस्तीला कुणाकडे नेणार?

खरा पैसा आणि वेळ ग्रिपवर, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर, घाला. पोराला पिस्तूल धरून डोळे मिटायला सांगा, हात उचलू द्या, मग डोळे उघडू द्या. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप बसली. डावी-उजवीकडे गेली, तर अक्रोडाचं लाकूड जिथं तळव्याला रेटतं तिथं कानशीनं थोडं थोडं उतरवायचं, जिथं पोकळ राहतं तिथं लाकडाची पुट्टी भरायची, आणि पुन्हा डोळे मिटायचे. चिकाटीचं काम आहे, पण एवढ्यानं गुण वाढताना मी पाहिलेत. वाढत्या वयात हात बदलतो, तेव्हा हे परत करावं लागतं.

आपल्या उन्हाचं एक सांगतो. एअर पिस्तुलाचा हवेचा सिलेंडर २०० बार दाबापर्यंत भरलेला असतो. मे महिन्यात बंद गाडीत तो मुळीच ठेवू नका. तापला की आतला दाब वाढतो.

बॅरलसाठी बाजूला काढलेल्या पैशात वेगवेगळ्या मापाचे छर्रे आणा, ४.४९, ४.५०, ४.५१, आणि तुमच्या पिस्तुलाला कोणता मानवतो ते शिकंज्यात लावून बघा.