१९६४ ची स्टिंग रे : बॉडी अखेर चासीवर बसली

सात महिने घोडीवर ठेवलेली फायबरची बॉडी शनिवारी पुन्हा चासीवर उतरवली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार एका बोटाने ढकललं आणि ते 'खट्' करून लागलं. हा आवाज ऐकायला मी चार वर्षं थांबलो होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : गाडी शेव्हरलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट स्टिंग रे, दोन दारांची बंद छताची कूपे, ३२७ क्युबिक इंचांचं व्ही-८, ३०० हॉर्सपॉवर, चार गिअर, रंग सिल्व्हर ब्लू. मागची काच अखंड. मधोमध कणा असलेली दुभागलेली काच फक्त १९६३ च्या कूपेला होती. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख बिल मिचेल याचा त्या कण्यावर फार जीव. कॉर्व्हेटचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह याला तो नको होता, कारण आरशात मागचं धड दिसेना. वर्षभरात कणा गेला. संग्राहक १९६३ मागे धावतात, धावू देत. मला माझीच आवडते. काच अखंड असल्यामुळे छतापासून शेपटीपर्यंतचा उतार नजर कुठेही न अडखळता दिसतो.

आता दाराविषयी. या कूपेची दारं वर छतात कापत नेलेली आहेत, म्हणजे फटही छतापर्यंत जाते. बॉडी एका कोपऱ्यात जराशी दबली, तरी दाराचं वरचं टोक घासायला लागतं. माझं दार गाडी घेतल्या दिवसापासून उचलून लावावं लागायचं. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या असतील म्हणून गेल्या हिवाळ्यात त्या बदलल्या. काही फरक नाही. दोष खाली होता : पूर्वी कधीतरी कोणीतरी बॉडी उतरवली होती आणि परत बसवताना बॉडी आणि चासीमधल्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, अर्ध्या घातल्याच नव्हत्या.

बॉडी चासीवर जिथे टेकते त्या माउंटजवळचा ओशट काळा थर मी केरोसीन आणि मऊ ब्रशने काढत होतो, लेक टॉर्च धरून उभी. ती म्हणाली, "बाबा, थांब, इथे काहीतरी लिहिलंय." पुसट खडूने काढलेला २. पुढच्या माउंटपाशी ३, घाईत लिहिलेला, शेपूट लांब ओढलेली. सेंट लुईसच्या कारखान्यात बॉडी बसवताना कुठल्या माउंटखाली किती शिम लागणार, तो आकडा असा लिहून ठेवत. फायबरच्या दोन बॉडी तंतोतंत सारख्या निघत नसत, म्हणून ही मोजणी. साठ वर्षांपूर्वी कोणा कामगाराने माझ्याच गाडीपाशी वाकून केलेला हिशेब माझ्या बोटाखाली होता. मी ब्रश बाजूला ठेवला. त्या जागा आता धुणार नाही.

त्याच्या आकड्यांप्रमाणे शिम घातल्या. मागच्या उजव्या माउंटला एक जास्तीची लागली, बाकी सगळं जुळलं. फट मोजायला पाच मिलिमीटरचं ड्रिल बिट घेतलं. खालपासून छतापर्यंत ते न अडकता फिरलं. लोक मला या गाडीत एवढं काय आहे विचारतात, तेव्हा पुढच्या दोन चाकांवरचे उंचवटे सांगतो. सीटवर बसल्यावर बॉनेटच्या दोन्ही बाजूंना ते लाटेसारखे उठलेले दिसतात. पण आता त्यांना तो ३ दाखवावासा वाटतो.

फायबरला गंज नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आतला पोलादी सांगाडा विंडशील्डच्या खांबांच्या बुंध्याशी सडतो. माझा डावीकडे सडला होता, तो तुकडा कापून नवा वेल्ड केला. मागच्या आडव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) नऊही पानांमधल्या पट्ट्या नव्या घातल्या. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या हाफ-शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंटही बदलले. इथे शाफ्टच चाक जागेवर धरणाऱ्या वरच्या आर्मचं काम करतो, जॉइंट सैल झाला की चाक डुलतं.

हेडलाइट फिरून उघडतात, पण डावा उजव्यामागून रेंगाळतो. त्याची मोटर टेबलावर खोलून ठेवली आहे, आतलं ग्रीस दगड झालंय. येत्या रविवारी ते काढेन.