होबार्ट ते डब्लिन: आजीच्या पणजीच्या मागावर

माझ्या सुनेच्या आजीची पणजी आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर हद्दपार झालेली कैदी होती. घरात माहीत होतं ते एवढंच, तेही दबक्या आवाजात. मी मेलबर्नला मुलाकडे गेले होते, तेव्हा सून म्हणाली, "आई, येता का सोबत?" दोघी निघालो.

सगळ्यात आधी सांगते, शोध डब्लिनपासून सुरू करू नका. 1922 साली तिथल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दफ्तरखान्याच्या आगीत 1821 ते 1851 च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद जळाले, 1836 पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्याही गेल्या. टास्मानियातल्या वह्या मात्र शाबूत आहेत. टास्मानियाची राजधानी होबार्ट, तिथल्या राज्य ग्रंथालयाच्या ऑनलाइन नामसूचीत नाव घाला, पानं घरबसल्या फुकट दिसतात. एका नावाच्या चार-चार बायका निघतात, तेव्हा जहाजाचं नाव धरून चला. आम्ही ते केलं नाही आणि पूर्ण दिवस भलत्याच बाईच्या मागे घालवला.

मग ती सापडली. उंची पाच फूट एक इंच, केस तपकिरी, डोळे राखाडी, चेहऱ्यावर देवीचे व्रण. वाचता येतं, लिहिता येत नाही. जहाजातून उतरल्यावर कारकून कैद्यालाच गुन्हा विचारायचा. तिने सांगितलं होतं, गवताची गंजी पेटवली. बटाट्याच्या दुष्काळाच्या त्या वर्षांत, हद्दपार झालो तर निदान खायला तरी मिळेल म्हणून मुद्दाम आग लावणाऱ्या बायका होत्या. ही त्यातलीच का, ते पान सांगत नाही. तिच्या बहिणींची नावंही तिथेच आहेत, पण नुसती नावं. त्या गावातच राहिल्या, त्यांचे डोळे कसे होते कुणी लिहून ठेवलं नाही. हे मला फार लागलं.

अक्षर मोडीसारखं आहे, एका कारकुनाचं वळण बसलं की पुढची पानं भराभर लागतात. 'टी. एल.' म्हणजे 'तिकीट ऑफ लीव्ह', शिक्षा संपण्याआधी स्वतःसाठी काम करायची मुभा देणारा परवाना. लग्नाला सरकारी परवानगी लागे, त्याची वेगळी वही आहे, तीही बघा.

कॅस्केड्सचा बायकांचा तुरुंग चुकवू नका. शहरातून ओढ्याकाठच्या वाटेने चालत जाता येतं. डोंगराच्या कुशीत आहे, ओल आणि वारा भयंकर, स्वेटर न्याच. तान्ही मुलं इथे किती दगावली असतील, ते त्या उघड्या अंगणात उभं राहिल्यावर कळतं.

गावाचं नाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं होतं. सुनेने ते मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा नकाशावर सापडलं. करासाठी केलेल्या ग्रिफिथच्या घर-जमिनीच्या मूल्यांकनात (1847 ते 1864) त्याच आडनावाचं एक घर निघालं.

डब्लिनला बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचक-पत्र काढावं लागतं. ऑनलाइन सूचीतून फाइलचा क्रमांक आधीच टिपून न्या, म्हणजे वेळ वाचतो. किलमेनहॅम तुरुंग बघायचा असेल तर तिकिटं बरीच आधी काढा, आयत्या वेळी सहसा मिळत नाहीत.

फाइलमध्ये एक अर्ज होता. तिच्या आईने पाद्रीबाबांकडून लिहवून घेतलेला, मुलीला पाठवू नका म्हणून. आपल्याकडे जुन्या कागदांवर 'निशाणी डावा अंगठा' असते, तशी खाली शाईची वाकडी फुली. मागच्या बाजूला दुसऱ्या अक्षरात एकच ओळ: कायद्याने आपला मार्ग घ्यावा.