लायनर फाटलं नाही, सुटलं

ब्रेक शूवर चिकटवलेलं लायनर, म्हणजे घर्षणाची पट्टी, कडेने ढकलून जोडाची ताकद मोजतात, त्या शिअर चाचणीत आकड्याच्या आधी तुटलेली जागा बघायची असते. जोड चांगला असेल तर लायनर स्वतःच्या अंगातच फाटतं आणि त्याचा खरबरीत थर शूला चिकटून राहतो. जुलैतल्या त्या सकाळी वाळूजला आमच्या शॉपमध्ये मोटरसायकलच्या १३० मिलिमीटर ड्रमचा शू मशीनवर लावला, लायनरच्या कडेवर दाब दिला आणि लायनर अख्खंच्या अख्खं निघून आलं. खाली अ‍ॅल्युमिनियम लख्ख. आकडा मर्यादेच्या निम्म्यावरही नव्हता.

‘साहेब, ओव्हन कमी तापलाय,’ ऑपरेटर म्हणाला. पहिला संशय तिथेच जातो, कारण बाँडिंगला, म्हणजे लायनर शूला चिकटवायला, ओव्हनमधली हवा नव्हे, शूचा धातू १८० अंशांपर्यंत तापावा लागतो. पण लायनरच्या पाठीवर अ‍ॅडहेसिव्हचा तपकिरी थर शाबूत होता. अ‍ॅसिटोनचा बोळा त्यावर घासला, बोळ्याला रंग लागला नाही. म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह पक्कं झालं होतं, लायनरला नीट धरूनही होतं. फक्त धातूला त्याने धरलं नव्हतं.

लायनरच्या मालावर बोट ठेवायला जागा नव्हती. फिनॉलिक रेझिन, तंतू, ग्राफाइट, बराइट आणि काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली फ्रिक्शन डस्ट, असं ते मिश्रण. तंतू आधी मोकळे झाले नाहीत तर गोळे राहतात. प्रेसमध्ये १५० ते १६० अंशांवर दाबताना पहिल्या मिनिटातच डाय तीन-चार वेळा उघडून गॅस सोडावा लागतो, कारण हेक्झा या हार्डनरमुळे रेझिन पक्कं होताना अमोनिया सुटतो. तो आत कोंडला तर लायनरला फोड येतात, चिरा पडतात. इथे लायनर ठणठणीत होतं.

राहिला शूचा पृष्ठभाग. ब्लास्टिंगमधून, म्हणजे बारीक कणांचा मारा करून धातू घासण्याच्या कामातून, नुकताच निघालेला एक शू पाण्यात बुडवून उभा धरला. पाण्याचा सलग पडदा राहिला, म्हणजे तो स्वच्छ होता. मग त्याच ट्रेमधला, पण एअर गनने धूळ उडवलेला शू बुडवला. पाणी लगेच फाटून थेंब-थेंब झालं. धूळ उडवण्याच्या नावाखाली आपणच त्याला तेल लावत होतो! गनसमोर पांढरा कागद मिनिटभर धरला, त्यावर पिवळसर ठिपके उमटले. पावसाळ्यात हवेतलं पाणी कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये साचतं. ते काढून टाकायचा ड्रेन कॉक रात्रपाळीत उघडलाच नव्हता आणि कॉम्प्रेसरचा ऑइल सेपरेटरही बदलायला आला होता. डोळ्याला न दिसणारा तेलाचा पातळ थर, पण त्यावर कुठलंही अ‍ॅडहेसिव्ह धरत नाही.

असा शू बाजारात गेला तर? ब्रेक दाबल्यावर लायनर सुटून शू आणि ड्रमच्या फटीत अडकतं आणि चाक जाम होऊ शकतं. म्हणून चाचणीतून पास झालेले शूसुद्धा त्या लॉटमधून सोडायचे नाहीत, असं ठरवलं. एक शू पास झाला म्हणून शेजारचा चांगला असेलच, असं तेलाच्या बाबतीत म्हणता येत नाही. सगळी लायनरं काढली, ती भंगारात गेली. शू पुन्हा ब्लास्ट केले, एअर गन बंद करून धूळ नायलॉनच्या कोरड्या ब्रशने झाडली आणि त्याच पाळीत अ‍ॅडहेसिव्ह मारलं. ब्लास्ट केलेला शू रात्रभर उघडा ठेवला की दमट हवेत वाया जातो.

गॅरेजमधल्या मित्रांसाठी याच गोष्टीची दुसरी बाजू. ड्रम उघडल्यावर लायनरच्या दोन्ही टोकांना जोडाच्या रेषेत नख फिरवा. नख आत शिरलं तर लायनर कितीही जाड असो, दोन्ही शू बदला. नवं लायनर साधारण ४ मिलिमीटर असतं, २ वर आलं की संपलं. शू फाकवणाऱ्या कॅमला ग्रीस लावा, पण अगदी चिमूटभर. जास्त झालं तर उष्णतेने पातळ होऊन लायनरवर येतं आणि तेल पिलेलं लायनर पॉलिश पेपरने घासून सुधारत नाही. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती नाकात जाते.

दुपारी चार वाजता नव्या शूची चाचणी घेतली. लायनर मधोमध फाटलं, शूवर करड्या मालाचा सलग थर राहिला. ऑपरेटरने तो शू आणि सकाळचा लख्ख शू, दोन्ही तारेने बांधून मशीनशेजारी टांगले.