एक वचन, दोन रकाने

बेळगावच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मराठी उपासना वेगळी होते, कन्नड वेगळी. वर्षातून एकदा दोन्ही एकत्र येतात. त्या दिवसाचं पत्रक करायचं काम यंदा माझ्याकडं आलं. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातली पहिली बारा वचनं दोन्ही भाषांतल्या शास्त्रांतून, म्हणजे बायबलांतून, उतरवायची आणि खडेबाजारातल्या डीटीपीवाल्याकडं द्यायची, एवढंच काम. एका संध्याकाळीत होईल असं वाटलं होतं.

दुसऱ्याच वचनाला अडले. बाप्तिस्मा करणारा योहान रानात घोषणा करतो. मराठीत तो म्हणतो, "पश्चात्ताप करा." आमच्याकडं वाचतात त्या सत्यवेदात, म्हणजे कन्नड बायबलात, तो म्हणतो, "देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि." म्हणजे देवाकडं वळा. ही दोन वाक्यं मी वेगवेगळ्या रविवारी किती वेळा ऐकली असतील, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितली नव्हती.

लहानपणी संडे स्कूलमध्ये बाई "पश्चात्ताप करा" म्हणाल्या की मी डोळे घट्ट मिटून रडू आणायचा प्रयत्न करायची. शेजारची मुलगी खरंच रडायची. मला रडू यायचं नाही, मग वाटायचं, माझं काही देवापर्यंत पोचलं नाही. दहा वर्षांच्या पोरीनं त्या शब्दातून एवढंच घेतलं होतं की वाईट वाटलं पाहिजे. आणि शब्दात आहेही तेच: पश्चात्, म्हणजे मागाहून, होणारा ताप.

कन्नड वाचन करणारे अण्णा मूळचे बैलहोंगलकडचे. त्यांना दोन्ही ओळी दाखवल्या. म्हणाले, "अक्का, आमच्याकडं बैलगाडी माघारी फिरवायची तरी हाच शब्द. तिरुगिसु." त्यांच्या योहानाला कुणाच्या डोळ्यांतलं पाणी नको होतं, वाट बदलायला हवी होती.

मग मूळ ग्रीक बघणं आलं. मला ग्रीक येत नाही. पाळकसाहेबांकडं शब्दाखाली शब्दाचा अर्थ दिलेला नवा करार आहे, त्यात बोट ठेवून दोघं बसलो. शब्द निघाला 'मेतानोएइते'. नाम 'मेतानोइया'. त्यात 'नूस' म्हणजे मन, बुद्धी. ते मन पालटणं. त्यात ताप नाही आणि गाडी वळवणंही नाही. 'देवाकडे' हा शब्द तर तिथं नाहीच, तो कन्नड भाषांतरकारांनी घातलेला. अण्णांचा चेहरा जरा उतरला. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात प्रेषित पौल हाच शब्द 'देवाकडे' असं जोडूनच वापरतो, आणि जुन्या करारातले संदेष्टे ज्या हिब्रू शब्दानं लोकांना हाक मारतात तो 'शूव', त्याचा अर्थच परत फिरणं. तेव्हा कन्नडकारांनी मनचं काही घातलं नव्हतं.

मला खरा धक्का बसला तो यहूदाच्या गोष्टीत. मत्तयाच्याच सत्ताविसाव्या अध्यायात, येशूला पकडून देणारा हा शिष्य पस्तावतो, चांदीची नाणी टाकून देतो आणि गळफास घेतो. तिथं ग्रीकमध्ये दुसरंच क्रियापद आहे, 'मेतामेलोमाय', म्हणजे केल्याची खंत वाटणं. योहान जे मागतो ते यहूदानं केलं, असं मत्तय म्हणत नाही. आणि मराठीत? पस्तावा हे पश्चात्तापाचंच घरगुती रूप. ग्रीकमधले दोन वेगळे शब्द आमच्याकडं एकाच घरातले भाऊ होऊन बसलेत. मी इतकी वर्षं यहूदाचा शब्द घेऊन योहानाचं वचन पाळायला बघत होते.

हा घोळ आपल्याच भाषेत झाला असंही नाही. लॅटिन शास्त्रात याच शब्दाच्या जागी 'पेनितेन्तियाम आगिते' आहे, आणि त्यावरून लोक पाळकापुढचा कबुलीजबाब आणि प्रायश्चित्त एवढंच समजत आले. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं मांडलेल्या ९५ प्रबंधांतले पहिले दोन याच शब्दावर आहेत: योहानासारखं प्रभू येशूनंही हेच सांगितलं, आणि ते सबंध आयुष्याबद्दल, त्या एका विधीबद्दल नव्हे.

पाळकसाहेबांनी ठरवून दिलं की छापील शास्त्रातला शब्द आपण बदलायचा नाही, खाली टीप घाला. ती टीप मराठीत लिहायला मला तीन रात्री लागल्या. "मन फिरवा" लिहिलं, तर आपल्याकडं मन फिरलं म्हणजे माणूस नाराज झाला. डोकं फिरलं तर बोलायलाच नको. "मन वळवा" म्हणावं, तर मन दुसऱ्याचं वळवतात, आपलं नव्हे. "मत बदला" म्हटलं की निवडणूक आठवते. "हृदयपरिवर्तन" पेपरातल्या अग्रलेखासारखं लागलं, आणि नुसतं "परिवर्तन" म्हणावं तर आजच्या दिवसांत लोक भलताच अर्थ काढतील. शेवटी "पालटा"वर आले. कूस पालटणं, ऋतू पालटणं. आजीच्या तोंडचा शब्द, त्यात नाटकीपणा नाही.

त्या रात्रींत मला पंडिता रमाबाईंची फार आठवण यायची. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावात बसून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी सगळं शास्त्र आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते छापून पूर्ण झालं त्यांच्या मागं. जुने मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तर इथलेच, बेळगावात १८३१ साली जन्मलेले, १८५४ साली इथंच बाप्तिस्मा घेतलेले. मराठी शास्त्राच्या सुधारणेत त्यांचाही हात लागलाय. मला एका शब्दाला तीन रात्री लागल्या. त्यांनी असे किती शब्द तोलले असतील!

पत्रक जुळवायला घेतलं त्या दुपारी डीटीपीवाल्याचा फोन आला. "बाई, कन्नड ओळ लांब होऊ लागलीय. मराठीकडं एक ओळ मोकळी पडतीय. टीप वर ओढू काय तिथं?"

"ओढा," म्हटलं. 'पश्चात्ताप करा'च्या अगदी खाली, बारीक अक्षरात, "मूळ शब्दाचा अर्थ : मन पालटा" असं छापून आलं. रविवारी आधी मी वाचलं, मग अण्णांनी. माझ्या मागच्या बाकावर आमच्या थोरल्या मावशी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांशी नेऊन ती बारीक ओळ वाचत होत्या.