केप्याचा तुकडा

"सर, पझल दिलं की पोरगा गणितात पुढे जातो म्हणतात, खरं का?" हा प्रश्न मला शाळेत असताना पालकसभेत विचारला जायचा. आता निवृत्तीनंतर गोव्यात, डिचोलीच्या बाजारात नारळ घेतानाही विचारतात. मार्कांची हमी मी कधीच देत नाही. पण माझ्या वर्गात एक लाकडी नकाशा होता, त्याच्याबद्दल सांगतो.

प्लायवूडवर गोव्याचा नकाशा चिकटवून गावातल्या सुताराकडून तालुक्यांच्या हद्दींवर कापून घेतला होता. बारीक पात्याची करवत लागते, आणि कडा पॉलिश पेपरने घासल्या नाहीत तर बोटांत कुसळं जातात. ही कल्पना काही माझ्या डोक्यातली नाही. जिगसॉ पझलची सुरुवातच अशी झाली. 1760च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने नकाशे लाकडी फळीवर चिकटवून सरहद्दींवर कापले आणि भूगोल शिकवायला विकले. एकमेकांत अडकणारे खाचांचे तुकडे पुष्कळ नंतरचे.

आधी माझ्या नकाशात अकरा तुकडे होते. मग सांग्यातून धारबांदोडा वेगळा तालुका झाला. सरकारने कागदावर केलं ते सुताराने करवतीने केलं, आणि तुकडे बारा झाले.

मुलं कुठून सुरुवात करतात हे बघण्यासारखं असतं. बहुतेक जण निळी कड शोधतात. पेडणे, बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी, काणकोण असे समुद्राकाठचे तुकडे पटापट खाली उतरतात. मग डोंगराकडचे. आणि दरवर्षी एक तरी मूल केपे तालुक्याचा तुकडा आतल्या बाजूला, सांग्याच्या शेजारी दाबून बसवायला बघतं. कारण केपे म्हणजे बाजार, शेतं, डोंगर. तिथे मामाकडे गेलेल्या पोराला समुद्र दिसलेलाच नसतो. तुकडा बसत नाही. पोर दाबतं, फिरवतं, पुन्हा दाबतं. "सर, हें बसना!"

इथे मास्तरांनी तोंड मिटून बसायचं असतं. मला ते जमायला फार वर्षं लागली नाहीत, कारण माझ्या हाताखाली एकाच वेळी दोन इयत्ता असायच्या आणि दुसऱ्या इयत्तेचे पाढे चालू असायचे! थोड्या वेळाने त्या पोराला तुकड्याच्या एका टोकाला निळी पट्टी दिसते. सासष्टी आणि काणकोण यांच्यामध्ये किनाऱ्याला एक रिकामी फट राहिलेली असतेच. केप्याला समुद्र आहे, बेतूलच्या बाजूला. हे त्याला मी सांगितलेलं नसतं, म्हणून ते विसरत नाही.

मारिया माँटेसरींच्या साधनांत हीच युक्ती आहे. लाकडी ठोकळ्यातल्या दहा भोकांत दहा गोल दट्टे बसवायचे. एक चुकीच्या जागी गेला की शेवटी एक उरतो, नाहीतर बसतच नाही. चूक दाखवायला मोठं माणूस लागत नाही, आणि मोठ्या माणसाचा चेहरा वाचत उत्तर बदलायची सवयही लागत नाही. मला पझलचा सगळ्यात मोठा फायदा हा वाटतो. एकाग्रता, बोटांची पकड वगैरे आहेच, ते खोक्यावर छापलेलं असतं.

म्हणूनच मोबाईलवरच्या जिगसॉबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यातल्या बऱ्याच खेळांत तुकडा जवळपास नेला की तो आपोआप चिकटतो. दाबून बघणं नाही, कड चाचपणं नाही. नातीला दिला होता. ती टीव्ही बघता बघता पुरा करते.

आता पझलवरच्या संशोधनाचं. शिकागो विद्यापीठातल्या सुसान लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 53 मुलांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. दोन ते चार वर्षं वयात घरी पझल खेळणारी मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनातल्या मनात फिरवून जुळवण्यात सरस निघाली. आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात धरूनही फरक उरला. पण पझलमुळेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, कदाचित तशा मुलांनाच पझल आवडत असेल. जाहिरातवाले हे वाक्य गाळतात.

गप्प बसायचं म्हणजे मुक्यासारखं नव्हे. "कोपरा कुठे आहे?", "सरळ कड कोणती?", "उलटा करून बघ", "मांडवी नदीच्या वर की खाली?" असं बोलावं. फक्त तुकडा आपण उचलून बसवू नये. आजोबांना हे सगळ्यात कठीण जातं, मला माहीत आहे. हात शिवशिवतात.

तीन वर्षांच्या मुलाला शंभर तुकड्यांचा खोका आणू नका. मूठ असलेले चार-पाच लाकडी तुकडे पुरे, पुढे बारा, मग चोवीस. एखादं पझल सहज जमू लागलं की लगेच माळ्यावर टाकू नका. मुलं जमलेलं पुन्हा पुन्हा करतात आणि त्यात त्यांना मजा येते.

घरी नकाशा करायचा असेल तर बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठाही चालतो, कापायचं काम मोठ्यांनी करावं. तालुक्यांची नावं पाठीमागे लिहा. समोर लिहिली तर मुलं नाव वाचतात आणि कड बघतच नाहीत.