राजगड ते तोरणा: संजीवनीवरून बुधल्यापर्यंतची धार

राजगड–तोरणा–रायगड या भटकंतीतला हा मधला दिवस. कागदावर बारा-तेरा किलोमीटर, पण पायाखाली सहा ते आठ तास, आणि सावली जवळपास नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. दसऱ्याच्या सुमाराला गवत कमरेएवढं असतं, वाट त्यात हरवते.

राजगडाच्या पद्मावती माचीवरून (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालचा तटबंदीचा पसारा) उजाडताच निघा. वाट पश्चिमेकडे जाते, म्हणून सकाळचं ऊन पाठीवर राहतं. उशीर झाला की तोरण्याचा शेवटचा उघडा चढ ऊन तोंडावर घेत चढावा लागतो. पाणी इथेच भरायचं, माणशी चार लिटर. पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यांतलं घ्या, तलावातलं नको. गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाका. धारेवर भरवशाचं पाणी नाही. धनगरवाड्यावर ताक मिळालं तर जरूर प्या, पैसे द्या, पण त्याच्या आशेवर बाटल्या रिकाम्या ठेवू नका.

राजगडाचीच संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, टप्प्याटप्प्यांनी उतरत जाणारी. तिची दुहेरी तटबंदी बघायला अर्धा तास तरी राखून ठेवा. आतला तट आणि बाहेरचा चिलखती तट यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट आहे. बुरुजांतले जिने अंधारे, म्हणून टॉर्च हाताशी हवी. असं बांधकाम सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी दिसतं.

वाट चुकते ती इथेच. पुष्कळजण माचीच्या टोकापर्यंत जातात आणि परत फिरतात. तोरण्याची वाट त्याआधीच अळू दरवाज्यातून बाहेर पडते. दाराबाहेरचा उतार घसाऱ्याचा: सुकलेली माती, वर मुरूम. एकामागून एक चिकटून उतरू नका, वरच्याच्या पायाखालचा धोंडा थेट खालच्यावर येतो. पाय आडवे टाका, पावलं छोटी ठेवा, कारवीच्या झुडपाचा बुंधा धरण्याआधी हलवून बघा. वाळलेली कारवी मुळासकट हातात येते.

पुढचा नियम एकच, धार सोडायची नाही. डावी-उजवीकडे फुटणाऱ्या मळलेल्या वाटा बहुतेक गुरांच्या असतात. त्या सपाट जातात म्हणून मोह होतो, पण शेवटी रानात किंवा खालच्या वाडीत नेऊन सोडतात.

मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. दिवसाचा खरा निर्णय इथे घ्यायचा. बारा वाजून गेले असतील, कुणाच्या गुडघ्याने दगा दिला असेल, किंवा माणशी दीड लिटरपेक्षा कमी पाणी उरलं असेल, तर रस्त्याने तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला उतरा. पुढे तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत मध्येच सुटायला सोपी वाट नाही.

रस्ता ओलांडला की चढउतारांची टेकाडं लागतात, प्रत्येक टेकाड शेवटचं वाटतं. उपड्या बुधल्यासारखा (तेलाच्या चामडी भांड्यासारखा) सुळका समोर मोठा होत गेला की माची जवळ आली समजा. वर जाताना कातळाचा टप्पा आहे, शिडी बसवलेली. सॅकचे लोंबते पट्टे आधी आवळा, शिडीवर एका वेळी एकच जण. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा.

बुधला माचीवरून तोरण्यावरचं मेंगाई मंदिर गाठायला आणखी पाऊण तास धरा. वेल्ह्याला त्याच दिवशी उतरायचं असेल तर बिनी दरवाज्याने दोन-अडीच तास लागतात. साडेतीननंतर निघाल्यास खालचा टप्पा अंधारात येतो. शेवटच्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.